एका दारानं शिरू नका

ओमानमधल्या रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, इक्बालभाई सरखोत यांचं शिलाईचं दुकान एकतीस वर्षं होतं. ओमानी पुरुष घालतात तो पायघोळ झगा, दिशदाशा, शिवावा तर इक्बालभाईंनीच, असं आजूबाजूच्या वाड्यांतले म्हातारे छातीठोकपणे सांगायचे. त्याच्या गळ्याशी जो गोंडा लोंबतो तो इक्बालभाई स्वतः वळायचे, कारागिराच्या हाती द्यायचे नाहीत. माणूस कामाला चोख, जिभेला गोड, नमाजाला वेळेवर. खोट काढायचीच म्हटली तर एकच होती, आणि ती अख्ख्या सूकला ठाऊक होती. इक्बालभाई आपल्या दोन मुलांना एका गाडीत बसू देत नसत.

ही काय भानगड, असं नव्या माणसाला वाटायचं. पण ती भानगड नव्हती, भीती होती, आणि तिचं मूळ रुस्ताकपासून फार लांब, दाभोळच्या खाडीत होतं. इक्बालभाई तेव्हा पंधरा वर्षांचे. पलीकडच्या गावात लग्न होतं. दोघे थोरले भाऊ पहिल्या होडीत चढले आणि मागोमाग हेही निघाले, तेवढ्यात यांच्या चपलेचा अंगठा तुटला. आईनं दंडाला धरून मागे ओढलं नि म्हणाली, अनवाणी लग्नाला जातोस काय, दुसऱ्या खेपेला जा. दुसरी खेप झालीच नाही. खाडीच्या मध्यावर होडी कलंडली आणि लोकांनी संध्याकाळपर्यंत शोधून दोघांना काठावर आणून ठेवलं. इक्बालभाई चप्पल हातात घेऊन उभे होते.

त्या दिवसानंतर त्यांच्या अब्बांनी कुणाला काही म्हटलं नाही, पण तीन वर्षांत माणूस झिजून गेला. इक्बालभाई मात्र एक गोष्ट शिकले. सगळं एका होडीत घालायचं नाही.

पुढं ते ओमानला आले, पाय रोवले, बायकोला बोलावून घेतलं. शकीला आली ती चार वर्षांच्या झुबेरला कडेवर घेऊन. दोन वर्षांनी अरमान इथंच जन्मला. त्याच सुमारास सूकजवळच्या मशिदीत असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर एक हिंदुस्थानी मौलाना नबींचे, म्हणजे पैगंबरांचे, किस्से सांगत. एके दिवशी त्यांनी याकूब नबींचा किस्सा काढला. कनानमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याकूब नबींनी आपल्या मुलांना धान्य आणायला मिसरला, म्हणजे इजिप्तला धाडलं. एक यूसुफ आधीच हरवला होता. आता धाकट्या बिन्यामीनलाही सोबत पाठवायचं होतं. तेव्हा तो म्हातारा बाप मुलांना म्हणाला, बाळांनो, शहरात सगळे एका दारानं शिरू नका, वेगवेगळ्या दारांनी शिरा.

इक्बालभाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्याला जे वाटतं तेच एका नबीलाही वाटलं होतं! म्हणजे ही आपली भित्री खोड नव्हे, हा तर बापाचा धर्म. ते डोळे पुसत होते तेवढ्यात दुकानातल्या कारागिरानं दारातून खूण केली. नवरदेवाची दिशदाशा न्यायला माणसं आली होती आणि गोंडा लावायचा राहिला होता. इक्बालभाई उठले. मौलाना पुढं बोलत राहिले. ते पुढचं काही इक्बालभाईंनी ऐकलं नाही, आणि पुढं काही असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

झालं. घरात कायदा लागू झाला. झुबेर शाळेच्या बसनं जायचा आणि अरमान अब्बांच्या पिकअपमधून. पिकअप रोज त्याच बसच्या मागं मागं त्याच शाळेत जायचा. बसचा ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, अहो, सीट रिकामी आहे! इक्बालभाई हसून हात हलवायचे. मस्कतला जायचं तर झुबेर अब्बांबरोबर पिकअपमध्ये, अरमान अम्मीबरोबर टॅक्सीत. पिकअप बरक्याला थांबायचा, तिथं काडीवर भाजलेलं मांस, मिशकाक, मिळायचं. टॅक्सी नखलला थांबायची, तिथं चहा आणि गरम पराठा. गावी जायचं तर दोन विमानं. शकीला नि अरमान आज, इक्बालभाई नि झुबेर उद्या. आजीच्या हातची पहिल्या दिवशीची ताजी सुरमई कायम अरमानला मिळाली. झुबेर दुसऱ्या दिवशी पोचून तेच कालवण शिळं खायचा. ईदला दोघांचे कपडे दोन वेगळ्या ताग्यांतले, कारण सारखे कपडे घातलेले दोन भाऊ म्हणजे दृष्टीला आवतणच. दोघांचा एकत्र फोटो तर घरात औषधालाही नव्हता.

शकीला सुरुवातीला भांडली. मग समजावून पाहिलं. मग गप्प बसली. खाडीवरची ती गोष्ट तिला माहीत होती, आणि झोपेत दचकून उठणाऱ्या नवऱ्याशी माणूस किती भांडणार?

मुलं मोठी झाली, चांगली निघाली. झुबेर एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात लागला, लग्न झालं, बायको सुरैया आणि तीन वर्षांची सना यांच्यासह मस्कतमधल्या हमरियात राहू लागला. अरमान इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत लागला आणि दार्सैतमध्ये गजेंद्र नावाच्या पुण्याच्या मुलाबरोबर खोली घेऊन राहिला. हमरियातून दार्सैतला चालत निघालं तर चहा निवायच्या आत पोचावं. दोघे भाऊ दर शुक्रवारी न चुकता रुस्ताकला यायचे. अर्थातच दोन गाड्यांतून.

आणि इक्बालभाईंनी परत जायचं ठरवलं. साठी उलटली होती, सुईत दोरा जाईना, शकीलाचे गुडघे जिना मानेनात. गावचं घर तयार होतं. सुरैया सनाला घेऊन महिनाभर आधीच गावी गेली, घर लावायला. निघायला पंधरवडा राहिला असेल त्या शुक्रवारची ही गोष्ट.

अरमान आला तो किंचित वाकून चालत होता. शकीलानं दारातच हेरलं.

"काय झालाय तुना?"

"काही नाही अम्मी. अपेंडिक्स होतं. काढलं. चार दिवस अॅडमिट होतो, आता फाइन आहे."

शकीला मटकन खाली बसली. झुबेर आधीच येऊन चटईवर बसला होता. त्यानं मोबाइलमधून मान वर केली. "कधी? मला कोणी सांगितलंच नाही."

"अरे भाई, तू बिझी असतोस. म्हटलं कशाला त्रास."

"ओके. नेक्स्ट टाइम सांग पण."

"हो हो, शुअर."

इक्बालभाई कात्री हातात घेऊन उभे होते. "आनि कागदावर सही? ऑपरेशनच्या टायमाला घरच्या मानसाची सही घेतात ती?"

"गजेंद्रनं केली ना. 'ब्रदर' म्हणून त्याचंच नाव टाकलं." अरमान हसला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि झुबेरलाही नाही. तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

दोघांत भांडण असतं तर इक्बालभाईंनी ते मिटवलं असतं. कान धरला असता, शपथ घातली असती. पण इथं भांडण नव्हतंच. एका बाकावर गाठ पडलेले दोन सभ्य प्रवासी बोलतात तसे ते एकमेकांशी बोलत होते. मुलं जेवून आपापल्या गाड्यांनी निघून गेली आणि शकीला भांडी तशीच टाकून नवऱ्यासमोर येऊन बसली.

"आपुन गेलो का हे दोघां भेटनार कुठं?" ती म्हणाली. "शुक्करवारी इथं येतात ते तुमच्या-माज्यासाठी. हां घर बंद झाला का खलास. झुबेर तिकडं, अरमान इकडं. तुमी पोरां वाचवलीत, मी नाय म्हनत नाय. पन त्यांना भाऊ नाय होऊ दिलांत."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. एवढं कडू ती कधी बोलली नव्हती. इक्बालभाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही.

पुढचे पंधरा दिवस ते सामान बांधत राहिले आणि मनातल्या मनात शकीलाशी वाद घालत राहिले. नबीनं सांगितलेलं चुकीचं कसं असेल? निघायच्या आदल्या दिवशी ते दुकानाची किल्ली द्यायला अर्बाब सालिमकडं गेले. सालिम म्हणजे दुकानाचा ओमानी मालक, ऐंशीच्या घरातला, डोळ्यांनी अधू, तरुणपणी मुंबईला जाऊन येऊन हिंदी शिकलेला. त्याच्या अंगावरची दिशदाशाही इक्बालभाईंचीच. खजूर पुढं आले, छोट्या पेल्यांत कडू कहवा आला, आणि बोलता बोलता इक्बालभाईंनी मनातली सल बाहेर काढली. मैंने तो याकूब नबी का ही कहना माना, अर्बाब. पोरांना वेगवेगळ्या दारांनी नेलं. मग असं का झालं?

म्हाताऱ्यानं तोंडातली खजुराची बी ताटलीत टाकली. मग म्हणाला, "इक्बाल, तुम आधा सुना."

आणि राहिलेला अर्धा किस्सा त्यानं आपल्या मोडक्या हिंदीत सांगितला. मुलं वेगवेगळ्या दारांनी शिरली खरी, पण जे व्हायचं होतं ते त्यानं टळलं नाही. बिन्यामीन मिसरला अडकायचा तो अडकलाच. दारांनी कुणाला वाचवलं नाही, फक्त याकूबच्या मनाला तेवढा आराम पडला. बाप आहे तो, अल्लानं त्याला तेवढं करू दिलं. "लेकिन दरवाजे के अंदर क्या हुआ, मालूम?" म्हाताऱ्यानं विचारलं. आत तो हरवलेला यूसुफच मोठा अधिकारी झाला होता, त्यानं सगळ्यांना जेवायला बसवलं. तो यूसुफ आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं हुकूम केला, दोन-दोन भावांनी एका ताटावर बसायचं. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि बिन्यामीन एकटा उरला. तो रडायला लागला. म्हणाला, माझा यूसुफ असता तर तो माझ्या ताटावर बसला असता. तेव्हा यूसुफ उठला आणि स्वतः जाऊन त्याच्या ताटावर बसला.

"दरवाजा अलग," म्हातारा म्हणाला, "थाली एक. तुम थाली भूल गया."

इक्बालभाईंच्या डोळ्यांपुढं अरमान आला, हॉस्पिटलच्या खाटेवर कागद भरून घेणारा. भावाच्या जागी कुणाचं नाव लिहायचं, असं कुणीतरी विचारलं असेल आणि त्यानं शेजारी उभ्या असलेल्या गजेंद्रकडं पाहिलं असेल. पोरगा रडला नव्हता, एवढंच. रडण्याजोगं काही आहे हेसुद्धा त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिथं अर्बाबच्या बैठकीत इक्बालभाई लहान मुलासारखे रडले. म्हाताऱ्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आतल्या माणसाला आणखी कहवा आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे मुलगे आले, दोन गाड्या घेऊन. विमान रात्री आठचं होतं. एकतीस वर्षांच्या संसाराचं सामान अर्बाबनं आपल्या मोठ्या गाडीत घालून दिलं होतं, चालवायला पुतण्या दिला होता. दुपारचा, जोहरचा नमाज झाला. इक्बालभाई दारात उभे राहिले, घसा खाकरला.

"झुबेर, तुजी गाडी हितंच अर्बाबच्या अंगनात ठेव. तू अरमानच्या गाडीत बस. मी नि अम्मी अर्बाबच्या गाडीतून येतंव."

शकीलाच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"माझी गाडी इथं का?" झुबेरनं विचारलं.

"फुडच्या शुक्करवारी येऊन ने."

"येऊ कसा पण?"

"अरमान आनील तुना. दोघां संगती या. अर्बाबकडं जेवायचा हाय तुमाना, मी सांगून ठेवलाय. एका ताटात."

दोघा मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. अब्बांची तब्येत ठीक आहे ना, एवढाच त्या पाहण्याचा अर्थ होता. अरमाननं हळूच विचारलं, "अब्बा, शुअर?"

"यल्ला, बसा," इक्बालभाई ओरडले, कारण आणखी एक मिनिट गेलं असतं तर त्यांनी शब्द मागं घेतला असता.

रस्त्याला लागल्यावर त्यांनी अर्बाबच्या पुतण्याला बजावलं, त्या पांढऱ्या गाडीच्या मागंच राहा. आणि स्वतः पुढं वाकून बसले. दोन डोकी मागच्या काचेतून दिसत होती. एक मान डावीकडं वळली तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. वादी, म्हणजे नदीचं कोरडं पात्र, ओलांडताना त्यांनी श्वास धरून ठेवला. तिथं तर पावलापुरतंही पाणी नव्हतं, पण खाडी त्यांनी कुठं मागं टाकली होती? नखलच्या अलीकडं पुतण्या पेट्रोलला थांबला. इक्बालभाई हां हां म्हणेपर्यंत पांढरी गाडी वळणाआड गेली.

मग ती दिसलीच नाही. नखलला नाही, बरक्याला नाही. झुबेरचा फोन वाजत राहिला. अरमानचा बंद. सव्वाचारला ही मंडळी विमानतळावर पोचली तेव्हा मुलं तिथं असायला हवी होती. नव्हती.

शकीला बाकावर बसून तसबीह, जपमाळ, ओढू लागली. इक्बालभाई दारासमोर उभे. साडेचार झाले. पावणेपाच झाले. त्यांच्या हातात विनाकारण चष्म्याचं घर घट्ट धरलेलं होतं. तो हात त्यांच्या ओळखीचा होता. पंधराव्या वर्षी त्यात चप्पल होती.

"मीच बसवलां त्यांना," ते म्हणाले. "शकीला, माज्या हातानं बसवलां."

शकीलाची बोटं थांबली. तिचाही चेहरा पांढरा पडला होता, पण तिनं नवऱ्याची बाही धरली आणि सोडली नाही. "येतील. याकूब नबी पन असेच वाट बगत बसलेले. बसा तुमी."

ते बसले नाहीत. पाच वाजायला आले तेव्हा समोरच्या रस्त्यानं दोघे चालत येताना दिसले. अरमान पोटावर हात दाबून चालत होता आणि झुबेरनं त्याला काखेत धरलं होतं. टाके सुटले, अपघात झाला, संपलं सगळं! मग दोघे जवळ आले आणि कळलं की अरमान हसतोय. हसून हसून टाक्यांवर ताण येत होता म्हणून त्यानं पोट धरलं होतं. झुबेरच्या हातात कागदाची पुडी होती आणि शर्टावर मिशकाकच्या चटणीचा डाग.

"सॉरी अब्बा," झुबेर म्हणाला, "हा मला नखलला घेऊन गेला, पराठा खायला. मी म्हटलं पराठा काय, बरक्याला चल, मिशकाक खाऊ. तर याला ती जागाच माहीत नाही! ओमानमध्ये जन्मला आणि बरक्याचं मिशकाक खाल्लं नाही!"

"आणि भाईला नखलचा चहा माहीत नाही," अरमान म्हणाला. "दोन्हीकडं थांबलो. त्याचा फोन सायलेंटवर राहिला. माझी तर बॅटरी..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण इक्बालभाई सुटले होते. अक्कल हाय का, टायमाची खबर हाय का, आई हिकडं मराया टेकलीय नि तुमी खाता! आजूबाजूचे प्रवासी वळून बघायला लागले. हमाल थांबले. ज्या माणसानं एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाशी आवाज चढवला नव्हता तो माणूस मस्कतच्या विमानतळावर गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शकीला बाही ओढत होती तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

दोघे मुलगे खांद्याला खांदा लावून माना खाली घालून उभे होते. चौतीस वर्षांचा एक, अठ्ठावीसचा एक. आजवर इक्बालभाई दोघांनाही रागावले होते, पण एकाला पिकअपमध्ये, एकाला घरी. एकाची चूक दुसऱ्यानं कधी पाहिलीच नव्हती. बोलता बोलता त्यांचं लक्ष गेलं. खाली घातलेल्या मानांमधून झुबेरनं अरमानकडं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि अरमाननं झुबेरकडं. ओठ दाबून धरलेले, हसू कसंबसं आवरलेलं. बापाची बोलणी खाताना भाऊ भावाकडं पाहतो तसं. आपल्या थोरल्या भावांकडं ते स्वतः असंच पाहायचे. सेहेचाळीस वर्षांत ती नजर त्यांनी कुठं पाहिली नव्हती.

राग तर केव्हाच उतरला होता. तरीही इक्बालभाई आणखी थोडा वेळ ओरडत राहिले.